शाळा, स्टुडिओ की वरात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

वय ३४, राहणार नागपूर, इतवारीकडचे. वडील पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट मास्टर, म्हणजे बँडचे मुख्य वादक. यांनी वाद्य आधी वडिलांकडे आणि पुढे कामठीच्या लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका उस्तादांकडे शिकलं. स्टाफ नोटेशन (पाच ओळींवर लिहिली जाणारी पाश्चात्त्य स्वरलिपी) तिथंच आलं. नंतर संगीतात बी. ए. आणि विशारद. नऊ वर्षांपासून एका खासगी इंग्रजी शाळेत संगीत शिक्षक, पगार २४ हजार. लग्नसराईत बँडबरोबर आणि अधूनमधून ऑर्केस्ट्रात वाजवतात. हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देतात, काही स्थानिक जाहिरातींच्या जिंगल्स केल्या आहेत. पत्नी एका दवाखान्यात नोकरीला, मुलगी पाच वर्षांची.

आता तीन गोष्टी एकदम समोर आल्या आहेत. मुंबईतल्या मित्राने त्याच्या स्टुडिओत बोलावलं आहे. पहिलं वर्षभर राहायची सोय आणि 'जमेल तसे पैसे', श्रेयनामावलीत नाव नाही. शाळा म्हणते, जूनपासून संगीत विभागप्रमुख व्हा. पगार वाढेल, पण शाळा सुटल्यावरही थांबावं लागेल आणि बाहेरचे कार्यक्रम बंद. तिसरं असं, की वडिलांचे वरचे पुढचे दात हलायला लागलेत, त्यांचं वाजवणं थांबत आलंय, आणि बँडमालकाचा आग्रह आहे की पुढच्या हंगामापासून मास्टर म्हणून मुलाने उभं राहावं.

ते विचारतात : "वादक, संगीतकार, शिक्षक, यातलं एक काहीतरी घट्ट धरल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, हे मला आता पटलंय. कोणतं धरू? शिकवणं हे हरलेल्या वादकाचं काम आहे असं आतून वाटत राहतं. बाबा म्हणतात, 'मुंबईले जाऊन काय करशीन? वाजवाचंच आहे तर इथंच वाजव.' मी बँडवाल्याचा मुलगा आहे हे शाळेत कोणालाच माहीत नाही. ता. क. : दीड लाखाचं लाकडी क्लॅरिओनेट कर्ज काढून घ्यावं का?"

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रात शाळा आहे, स्टुडिओ आहे, बँडमालक आहे, पगाराचे आकडे आहेत. क्लॅरिओनेट मात्र मला दोनच ठिकाणी सापडलं : वरातीत आणि ता. क.मध्ये. शाळेत तुम्ही हार्मोनियम आणि कीबोर्डवर प्रार्थना, समूहगीतं आणि स्नेहसंमेलनाचे नाच बसवता. नाटकाचं संगीत लॅपटॉपवर करता, त्यातली बासरी, सतार, व्हायोलिनं सगळी सॉफ्टवेअरमधली. जिंगलही तशीच. म्हणजे शिक्षक म्हणून तुम्ही तुमचं वाद्य शिकवत नाही, संगीतकार म्हणून त्याच्यासाठी काही करत नाही, आणि जिथे ते वाजवता ती जागा लपवून ठेवता. तिन्हींतलं कोणतं धरू, हा तुमचा प्रश्न आहे. मला त्याआधी विचारायचंय की तिन्ही ठिकाणी जाताना तुम्ही वाद्य घरी ठेवून का निघता?

टोचावं म्हणून हे लिहीत नाहीये. साधा हिशेब आहे. कीबोर्डवर प्रार्थना शिकवणारे नागपुरात पुष्कळ आहेत. लॅपटॉपवर ट्रॅक बांधणारी पोरं धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत गल्लोगल्ली आहेत, तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि रात्रभर जागू शकतात. पण स्टाफ नोटेशन वाचणारा, विशारद झालेला, रस्त्यावर उभ्या उभ्या फर्माईश कानावर पकडून वाजवणारा, आणि वर मुलांना शिकवायची नऊ वर्षांची सवय असलेला क्लॅरिओनेटवाला? असे किती जण शहरात आहेत ते तुम्हीच मोजा. बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर धरलेला सूर एक पूर्ण सूर खाली ऐकू येतो, म्हणून काळी एकचा गायक समोर असला की तुमची बोटं काळी दोनची पट्टी धरतात. हे गणित तुम्ही आता डोक्यात करतही नाही, हातच करतात. ज्याची तुम्हाला आठवणही राहिली नाही, तेच तुमचं भांडवल आहे.

'एक काहीतरी धरल्याशिवाय मोठं होता येत नाही' हे तुम्हाला कोणी सांगितलं, ते पत्रात नाही. संगीताच्या क्षेत्रात तरी हे फारसं खरं नाही. सिव्हिल लाइन्सच्या ज्या सभागृहात तुमची नाटकं झाली असतील, त्याला ज्यांचं नाव आहे ते वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे बरीच वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गात राहिले. नोकरीमुळे ते मोठे झाले असं कोणी म्हणणार नाही. नोकरी होती म्हणून गाणं मेलं नाही, एवढंच यातून घ्या. बहुतेक वादक शिकवतात, बहुतेक शिक्षक वाजवतात, आणि दोघंही चाली बांधतात. यातलं घर कशावर चालतं आणि सकाळचा ताजा वेळ कशाला मिळतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही ते एकात कालवलेत, म्हणून गाडी अडली आहे.

आता 'हरलेल्या वादकाचं काम'. तुम्ही शाळेत सध्या जे करता ते पाहून असं वाटणं मी समजू शकते. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या नावाखाली संगीत शिक्षकांचे जे हाल होतात ते पाहून कोणालाही वैराग्य येईल. पण ते संगीत शिकवणं नव्हे, कार्यक्रम उरकणं आहे. क्लॅरिओनेट शिकवून बघा, मग बोलू.

बासरीवर बोटं तीच ठेवून जोरात फुंकलं की सूर सप्तकभर वर जातो. मंद्रातला सा मध्यात येतो, मुलाला लगेच कळतं. क्लॅरिओनेटवर तसं होत नाही. मागची किल्ली दाबून वरचा सूर काढला की खालच्या सा ची बोटं वरच्या सप्तकातला पंचम देतात. म्हणजे एकाच बोटांना खाली एक नाव आणि वर दुसरं. बासरी, शहनाईकडून आलेला विद्यार्थी इथे हमखास गडबडतो, आणि ज्याला रागाची बढत करायची आहे त्याला तर खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जातानाचा हा सांधेबदल ओलांडतानाच घाम फुटतो. हे नीट समजावून सांगणारा माणूस नसेल तर मुलं 'हे वाद्य अवघड आहे' म्हणून सोडून देतात. तुम्ही हे दोन्ही बाजूंनी शिकलात, वडिलांकडे कानाने आणि उस्तादांकडे कागदावरून. कोणत्या मुलाला आधी ऐकवायचं आणि कोणाला आधी दाखवायचं, हे तुम्हाला कळेल. हरलेल्या माणसाला हे जमत नाही.

विद्यार्थी कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या मनात आला असेल. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. पहिले विद्यार्थी बँडमधूनच आणा.

बँडवाल्यांची पंधरा-सोळा वर्षांची पोरं पाहा. हातात वाद्य आहे, कान तयार आहे, फुंक तयार आहे. नाही ती फक्त नोटेशनची लिपी. आणि नेमकी तिच्याअभावी त्यांची दारं बंद राहतात. राज्याच्या पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात. हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीत वादकांसाठी वेगळी भरती होते, त्यातल्या वाद्यांत क्लॅरिओनेट आहे आणि नोटेशन वाचता येणं लागतं. लष्कराच्या बँडचं शिक्षण पचमढीला होतं; तुमच्या उस्तादांना ती सगळी वाट ठाऊक असणार. वय, उंची, शिक्षणाच्या अटी दरवेळच्या जाहिरातीत पाहाव्या लागतील. दहावी पास पोराला वर्षभर नोटेशन, स्केल्स (आरोह-अवरोहाचे पलटे) आणि दोन तयार तुकडे दिले, तर तो निदान त्या रांगेत उभा राहू शकतो. हे काम नागपुरात आज तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण करेल, मला माहीत नाही.

दुसरा गट पैसे देणाऱ्या पालकांचा. लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही परीक्षा मंडळांकडे क्लॅरिओनेटचे पहिल्या ते आठव्या ग्रेडचे अभ्यासक्रम आहेत, आणि २०२० पासून व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवूनही या परीक्षा देता येतात. इंग्रजी शाळेतल्या पालकांना प्रमाणपत्र लागतं, ते त्यांना मिळेल. फी बँडच्या मुलांपेक्षा अर्थातच वेगळी ठेवा, त्यात संकोच नको. मुलाचे पुढचे पक्के दात आलेले असावेत आणि बोटं भोकांवर नीट बसावीत, त्याआधी घाई करू नका. रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, सुरुवातीला दीड किंवा दोन नंबरची; नंबर वाढतो तशी ती कडक होते. तीन नंबर देऊन 'फुफ्फुसं तयार होतील' म्हणणारे मास्तर अजून आहेत. त्यांच्यामुळे मुलांचे ओठ सोलतात, बाकी काही तयार होत नाही.

चार मुलांपासून सुरू करा. चाळीस जमवायच्या नादात सुरूच होणार नाही.

आता बँडवाल्याचा मुलगा असण्याबद्दल. ही लाज तुमची एकट्याची नाही आणि निराधारही नाही. वरातीत ज्याच्या सुरावर नाचायचं त्यालाच शेवटच्या पंगतीत बसवायचं, ही आपल्या समाजाची रीत तुम्ही लहानपणापासून पाहिली असणार. म्हणून 'अभिमान बाळगा' असा फुकटचा उपदेश मी करणार नाही. शाळेत जाऊन जाहीर करा असंही म्हणत नाही. फक्त लपवण्याची तुम्ही काय किंमत मोजताय ते पाहा. बँडमध्ये वाजवता हे कळू नये म्हणून तुम्ही शाळेत क्लॅरिओनेट कधी नेलंच नाही. नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने तुमचं वाद्य ऐकलं नाही. सुरुवात करायची तर एवढंच करा : पुढच्या वेळी कुठे परिचय द्यायचा असेल तेव्हा 'प्राथमिक शिक्षण वडिलांकडे' हे शब्द लिहा. नामवंतांचे परिचय असेच सुरू होतात. कोणी विचारलं वडील काय वाजवायचे, तर सांगा.

आणि याच वाद्याची दक्षिणेतली गोष्ट लक्षात ठेवा. तिथेही क्लॅरिओनेट एकोणिसाव्या शतकात युरोपीय बँडमधूनच आलं, आधी नृत्याच्या साथीला बसलं आणि मग कर्नाटक संगीताच्या मैफलीत गेलं. ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर आयुष्यभर राग वाजवला आणि २०२२ साली, नव्वदीत, त्यांना पद्मश्री मिळाली. बँडमधून आलेलं वाद्य मैफलीत बसू शकतं की नाही, हा वाद तिकडे केव्हाच संपला आहे. आपल्याकडे तो अजून तितका निकाली निघालेला नाही.

मास्टर म्हणून हंगामभर उभं राहायचं का? माझ्या मते नाही. तुळशीच्या लग्नानंतरचे काही आणि उन्हाळ्यातले काही, शनिवार-रविवारचे निवडक मुहूर्त घ्या, बिदागी आधी ठरवून घ्या, बाकी नाही म्हणा. कारण प्रतिष्ठेचं नाही, ओठांचं आहे. डीजेच्या भिंतीशेजारी तीन-तीन तास जोर लावून वाजवलं की पकड आवळत जाते, आवाज चिरका होतो, आणि तीच पकड दुसऱ्या दिवशी मऊ आलाप काढू देत नाही. मैफलीचा आवाज तयार करायचा असेल तर रस्त्याच्या आवाजाला रेशन लावावं लागेल.

वडिलांचं मात्र 'थांबत आलंय' म्हणून सोडून देऊ नका. आधी दंतवैद्याकडे न्या आणि वाद्य बरोबर घेऊन जा. तोंडात ते कसं धरतात हे डॉक्टरांनी पाहिलं पाहिजे. नेहमीच्या पकडीत वरचे दात थेट माउथपीसवर (वाद्याच्या तोंडात धरायच्या भागावर) टेकतात, त्यामुळे हलणाऱ्या दातांवर सगळा भार येतो. वरचा ओठही दातांखाली दुमडून घ्यायची जुनी पद्धत आहे, तिच्यात दातांवरचा ताण कमी होतो. वरातीतला जोर त्यात येणार नाही. पण घरात बसून, मऊ रीडवर, दिवसातून थोडा वेळ वाजवता येईल का, हे डॉक्टरांना विचारून पाहता येईल. आणि त्यांच्याकडे जे आहे ते उतरवून घ्या. नवरदेव निघताना काय वाजायचं, सीमांतपूजनाला काय, पाठवणीला काय, कोणत्या चालीला कोणती जोडून घ्यायची, ताशेवाल्याला कशी खूण द्यायची. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर नोटेशनमध्ये लिहा. हे बँडमालकाकडेही लिहिलेलं नसेल. तुमच्यातल्या संगीतकाराला नुसत्या लॅपटॉपवर इतका माल कधी मिळायचा नाही.

संगीतकार म्हणून माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. क्लॅरिओनेटसाठी काहीतरी लिहा. ब्राम्स या जर्मन संगीतकाराचं उदाहरण देते. त्याने १८९० च्या सुमारास आता नवीन लिहायचं नाही असं ठरवलं होतं. १८९१ मध्ये त्याने मायनिंगन शहराच्या ऑर्केस्ट्रातल्या म्यूलफेल्ड नावाच्या वादकाचं क्लॅरिओनेट ऐकलं आणि त्याच वर्षी त्या वाद्यासाठी तीन वाद्यांची एक त्रयी आणि पाच वाद्यांचं एक पंचक लिहून काढलं, १८९४ मध्ये आणखी दोन सोनाटा. गंमत म्हणजे म्यूलफेल्ड त्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला आला होता, क्लॅरिओनेट तो स्वतःच शिकला. त्याआधी शंभर वर्षं, १७९१ मध्ये, मोझार्टनेही आपली क्लॅरिओनेटची रचना एका ओळखीच्या वादकासाठीच लिहिली होती. या वाद्यासाठी चांगलं संगीत तयार झालं ते लिहिणारा आणि वाजवणारा जवळ आले तेव्हा. तुमच्या बाबतीत दोघं एकाच शर्टात आहेत आणि तरी भेटत नाहीत.

पुढचं जे नाटक घ्याल त्यात सॉफ्टवेअरची बासरी काढून टाका आणि एका पात्राचं सगळं पार्श्वसंगीत क्लॅरिओनेटवर करा, जमलं तर प्रयोगात विंगेत उभं राहून. दिवाळीनंतर होळीपर्यंत पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं रात्ररात्र चालतात, तिथे आजही जिवंत वाद्यं लागतात. वडसा-देसाईगंजला जाऊन दोन-तीन कंपन्यांशी बोलून या. पैसे फार नसतील, पण पाचशे माणसं समोर बसून सुराला दाद देतात की उठून चहाला जातात, हे तिथे जितकं लख्ख कळतं तितकं स्टुडिओत नाही कळत. आकाशवाणीची स्वरपरीक्षाही द्या. बी ग्रेड मिळाली तरी चालेल. बी हाय, ए हे पुढचं पुढे. नागपूर केंद्र १९४८ पासून आहे, त्याच्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आता मुंबईबद्दल. मित्राचं मन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण वर्षभर बिननावाचं, पगार न ठरलेलं काम ही संधी नव्हे, ती मदत आहे, आणि तुम्ही त्याला करणार आहात. शिवाय जिथे चाळीस-पन्नास वादक एका खोलीत बसून गाणं रेकॉर्ड करत तो काळ केव्हाच सरला. संगणक आला आणि वादकांची बरीच कामं गेली. तुम्ही तिथे क्लॅरिओनेटवादक म्हणून नाही, तर आणखी एक प्रोग्रामर म्हणून जाल.

तरीही जायचंच असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे जा. काम कसं चालतं पाहा, माणसं पाहा, परत या. आणि मित्राला सांगा, क्लॅरिओनेटचा तुकडा लागला की मला पाठव, मी इथून रेकॉर्ड करून देतो, दर तुकड्यामागे इतके. एक साधा कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) पुरतो. माइक वाद्याच्या तोंडाशी लावू नका. क्लॅरिओनेटचा आवाज सगळ्या भोकांतून येतो, म्हणून माइक समोरून, हाताच्या अंतरावर, वाद्याच्या मधल्या भागाकडे रोखून. आणि रेकॉर्डिंग पहाटे करा. नागपुरात एप्रिलपासून दुपारी कूलर बंद करून काम करणं कोणाला शक्य नाही, आणि कूलर सुरू ठेवून रेकॉर्डिंग करणं तर अजिबातच नाही.

श्रेय आणि हक्क यांबद्दल थोडं, कारण ही अडचण मला इतरही वाचक लिहितात : गायक, गीतकार, जिंगल करणारे. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणती रचना, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकले तरी ही रचना माझी आहे हे सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार-गीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बराच सुरक्षित झाला आहे. त्यासाठी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सदस्य व्हावं लागतं आणि रचनांची नोंद करावी लागते. तुमच्या जिंगल्सचे कागद आहेत का? नसतील, मला खात्री आहे. निदान पुढच्या कामाच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके दादा' यापलीकडचं काहीतरी घ्या. आणि नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या रचनेची मालकी, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाकडे जाते. शाळेसाठी शाळागीत करताना हे लक्षात असू द्या.

उरली शाळा. विभागप्रमुखपद मी लगेच नाकारणार नाही, पण आहे तसं घेणारही नाही. मुख्याध्यापिकेकडे लेखी प्रस्ताव घेऊन जा. शाळा सुटल्यानंतर थांबायचं आहे ना, मग त्या वेळात फुंकवाद्यांचा वर्ग : पहिल्या वर्षी क्लॅरिओनेट आणि बासरी, दुसऱ्या वर्षी छोटा वाद्यवृंद. शाळांना स्वतःचा बँड हवा असतो, पंधरा ऑगस्टला दाखवायला. तुम्ही तो देऊ शकता. त्या बदल्यात 'बाहेरचे कार्यक्रम बंद' हे कलम 'शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या नावाने बाहेरचे कार्यक्रम नाहीत' असं बदलून मागा. पगार किती वाढेल ते आकड्यात आणि कागदावर मागा. 'वाढेल' या क्रियापदावर घर चालत नाही. ते कलम बदलायला तयार नसतील तर साधे शिक्षक म्हणूनच राहा आणि संध्याकाळ आपल्याकडे ठेवा. आज तुमची संध्याकाळ त्या पगारवाढीपेक्षा महाग आहे. आणि शिकवणं पुढे महाविद्यालयात न्यायचं मनात असेल तर एम. ए. संगीत ५५ टक्क्यांनी पूर्ण करून नेट किंवा सेट द्यावी लागेल. तो चार-पाच वर्षांचा बेत आहे, जूनचा नाही.

एक गोष्ट पत्रात नाही आणि ती मला खटकली. पत्नीचं काय म्हणणं आहे? मित्राचं आहे, मालकाचं आहे, बाबांचं त्यांच्या शब्दांत आहे. वर्षभर मुंबईला गेलात तर दवाखान्यातली ड्युटी, पाच वर्षांची मुलगी आणि दातांनी हैराण सासरे हे सगळं कोणाच्या अंगावर पडणार आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना आधी विचारा. मला नंतर विचारलं असतंत तरी चाललं असतं.

हेच दुखणं असलेल्या इतर वाचकांसाठी : तबला, व्हायोलिन, शहनाई, संवादिनी, तुमचं जे असेल ते घ्या आणि गेल्या महिन्याचा हिशेब मांडा. किती तास वाद्य हातात होतं आणि किती तास वाद्याच्या नावावर दुसरंच काही केलं. नोकरी सोडायची की नाही ते त्यानंतर ठरवा, आणि घरखर्चाचे सहा महिने बाजूला पडल्याशिवाय तर ठरवूच नका.

ता. क.चं उत्तर : कर्ज काढून नको. चांगली लाकडी क्लॅरिओनेटं आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची असतात, आणि कोरडी हवा व तापमानातले झटके हे त्या लाकडाचे शत्रू. नागपूरच्या मे महिन्यात खोलीत कूलरचा ओलावा, दाराबाहेर पंचेचाळीस अंशांची लू, आणि वाद्याच्या आत तुमची गरम वाफ. नवं लाकूड अशा वेळी तडकू शकतं, हप्ते सुरूच राहतात. सध्याच्या वाद्याचे पॅड आणि बूच बदलून घ्या, एक चांगला माउथपीस आणि चांगल्या रीडची पेटी घ्या. आवाजात जो फरक हवा आहे त्यातला बराचसा तिथेच मिळेल, दीड लाखाच्या कितीतरी कमी पैशांत. पुढे पैसे साठले आणि लाकडीच घ्यायचं ठरलं, तर पावसाळा संपता संपता घ्या, पहिले काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवा, वाजवून झालं की आतून कोरडं पुसा, आणि वराती मात्र जुन्या वाद्यावरच करा. बाबांच्या वाद्याचं बघाल तेव्हा बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा जोड, तेही तपासा. उन्हाळ्यात सूर चढतो तेव्हा ते ओढून उतरवता आलं पाहिजे, आणि जुन्या वाद्यांत ते बहुधा घट्ट बसलेलं असतं.